लेटरमनने स्टर्नला दयेपोटी बोलावलं नव्हतं

‘रेडिओवरून हाकलल्यावर अमेरिकी रेडिओ निवेदक हॉवर्ड स्टर्नला टीव्हीवरचा सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमनने दया येऊन टीव्हीवर आणलं,’ असं सध्या सर्रास सांगितलं जातंय. हे साफ चूक आहे. स्टर्न लेटरमनच्या ‘लेट नाइट’ या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा आला मे १९८४ मध्ये. तेव्हा तो न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीसी या रेडिओ केंद्रावर दुपारचा कार्यक्रम करत होता. ती नोकरी गेली सप्टेंबर १९८५ मध्ये. मुळात दोघांची प्रसारण कंपनी एकच, एनबीसी, आणि इमारतही एकच, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधली. मग दयेचा प्रश्न येतोच कुठे? रात्री साडेबाराच्या त्या गप्पांमुळे तो न्यूयॉर्कबाहेर माहीत झाला, एवढं मात्र खरं. लेटरमननेही इंडियानापोलिसमध्ये रेडिओवर काम केलेलं, त्यामुळे बोलणारा माणूस त्याला बरोबर कळायचा. १९९३ मध्ये लेटरमन सीबीएस या दुसऱ्या वाहिनीवर गेला, तरी स्टर्न येतच राहिला, अगदी २०१५ पर्यंत.