‘थोडे घ्या, पण चांगले घ्या’ हे कोणाला परवडते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कमी पैशांत कपड्यांचे कपाट नवे कसे करावे, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ज्याचा हात आखडता आहे त्याने स्वच्छ कपडे घालावेत, ‘स्टाइल’च्या मागे लागू नये, असे तुमचे म्हणणे आहे. ‘थोडे घ्या, पण चांगले घ्या’ हा सल्ला गाठीशी शिल्लक असणाऱ्यांनाच उपयोगी पडतो, असा तुमचा दुसरा आक्षेप आहे. शिवाय कपडे मापात करून घेणे किंवा वापरलेले कपडे शोधून घेणे हे मोकळा वेळ आणि प्रमाणबद्ध अंगकाठी असलेल्यांचे उद्योग आहेत, असेही तुम्ही म्हटले आहे. तिन्ही मुद्द्यांचे वजन सारखे नाही, म्हणून उत्तरही सारखे वाटून दिलेले नाही.

पहिला आक्षेप मला मुळातच मान्य नाही. जीवनावश्यक वस्तू कशाला म्हणावे, याचा विचार करताना अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनी 1776 मध्ये लिननच्या शर्टाचे उदाहरण दिले होते. काटेकोरपणे पाहिले तर त्या शर्टावाचून कोणाचे अडत नाही, प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक त्याच्याशिवाय सुखाने जगले. परंतु आपल्या काळात युरोपच्या बहुतेक भागात रोजंदारीवर राबणाऱ्या माणसालाही लिननचा शर्ट नसेल तर चारचौघांत जायला लाज वाटेल, असे त्यांनी नोंदवले. पुढे अमर्त्य सेन यांनी गरिबीविषयीच्या आपल्या विवेचनात हाच दाखला घेतला आणि लाज न वाटता लोकांत वावरता येणे ही सर्वत्र सारखीच असलेली गरज आहे, ती भागवण्याची साधने तेवढी समाजागणिक बदलतात, असे मांडले. मुलाखतीला, समारंभाला किंवा मुलांच्या शाळेतील सभेला जाणाऱ्या माणसाने आपण कसे दिसतो याचा विचार केला, तर तो चैनीच्या मागे लागला असे म्हणणे अन्यायाचे आहे. स्वच्छता तर हवीच. पण खांद्यावरून ओघळणारा, धुऊन पांढराशुभ्र केलेला शर्टही परक्याचाच वाटतो. कपडा अंगावर नीट बसावा, रंग एकमेकांशी जुळावेत आणि तो घातल्यानंतर दिवसभर त्याच्याकडे लक्ष जाऊ नये, एवढ्याच अर्थाने मी ‘स्टाइल’ हा शब्द वापरला होता.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. एखादा शर्ट दुसऱ्याच्या तिप्पट किमतीचा असला आणि पाचपट वेळा घालता आला, तर दर वापरामागे तो स्वस्त पडतो, हे गणित बरोबर आहे. पण त्या भागाकारातले वरचे पैसे आज द्यायचे असतात आणि खालचे वापर पुढच्या काही वर्षांत मिळायचे असतात. ज्याच्याजवळ आज ती रक्कम नाही, त्याला हा हिशेब कितीही पटला तरी उपयोगाचा नाही, हे तुमचे म्हणणे रास्त आहे. त्यावर हप्त्यांनी खरेदी करा, असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये, कारण व्याज धरले की दर वापरामागचा सगळा फायदा बहुधा तिथेच संपतो.

परंतु या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे चांगले म्हणजे महाग. एका मर्यादेपर्यंत किंमत वाढते तशी कापडाची आणि शिवणीची प्रत वाढते, त्यापुढे मात्र आपण मुख्यतः नावाचे पैसे देतो. आणि त्या मर्यादेच्या खाली, एकाच किमतीच्या दोन कपड्यांत, पुष्कळ फरक असतो. तो ओळखायला पैसे लागत नाहीत. कपडा उलटा करून आतली शिवण पाहावी: टाके बारीक आणि एकसारखे आहेत का, सुटे धागे लोंबत आहेत का, शिवणीत माया, म्हणजे टाक्यांपलीकडचे जादा कापड, किती सोडली आहे. कापड उजेडासमोर धरले की वीण दाट आहे की विरळ हे कळते. मुठीत काही क्षण आवळून सोडले की ते किती चुरगळते हे दिसते, आणि ताणले जाणारे कापड असेल तर ते ताणून सोडल्यावर पूर्ववत होते का, हेही दिसते. चौकडी किंवा पट्ट्यांचे कापड असेल तर बाजूच्या शिवणीवर त्या रेघा जुळवल्या आहेत का ते बघावे. शिवणाऱ्याने कापड वाचवण्याकडे पाहिले की काम नीट करण्याकडे, याचा तो सर्वांत बोलका पुरावा आहे. धाग्यांविषयी एकच गोष्ट सांगतो. सुती आणि पॉलिस्टरच्या मिश्र कापडाला गोळे आले की ते जाता जात नाहीत, कारण आखूड तंतू बाहेर येऊन गुंततात आणि पॉलिस्टरचे चिवट तंतू त्या गोळ्यांना कापडाशी धरून ठेवतात. निव्वळ सुती कापडावरचे गोळे पुष्कळदा आपोआप झडून जातात.

सवलतीच्या विक्रीविषयी मी लेखात फटकळपणे लिहिले होते, ते तुम्हाला खटकले. माझे मत तेच आहे. जी वस्तू आपण तशीही घेणार होतो, तिच्यावरची सवलत ही बचत. बाकी सगळा खर्च. ज्यांच्या कपाटात अशा दोन-तीन ‘स्वस्त पडल्या म्हणून घेतल्या’ वस्तू न घालता पडून आहेत, त्यांच्यासाठी ‘थोडे घ्या’ हा सल्ला आहे, कारण त्या वस्तूंच्या पैशांत एक उपयोगाचा कपडा आला असता. ज्यांच्याकडे तशी खरेदीही होत नाही, त्यांना मी काय घ्यावे हे सांगायला जाणार नाही. त्यांच्यासाठी लेखातला आल्टरेशन आणि दुरुस्तीचा भाग अधिक कामाचा आहे.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, पण तुमच्या प्रतिक्रियेत ज्याचा उल्लेखच नाही, ते म्हणजे जोड्यांचे गणित. वर घालायचे 4 कपडे आणि खाली घालायचे 3 असले आणि सगळे सगळ्यांशी जुळत असले, तर 12 जोड्या होतात. त्यात चारही वरच्यांशी जुळणारी आणखी एक पँट आली की 4 नव्या जोड्या मिळतात. त्याउलट एकाच पँटवर शोभणारा भडक शर्ट आणला तर जोडी एकच वाढते. सगळ्यांवर चालणारे एखादे जॅकेट मिळाले तर 12 च्या 24 होतात. जुळणारी पँट आणि भडक शर्ट यांचा खर्च साधारण तेवढाच, पण कपाट नवे होते ते पँटमुळेच. मोजक्या, परस्परांशी जुळणाऱ्या कपड्यांची ही कल्पना 1970 च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी रुजवली आणि 1985 मध्ये फॅशन डिझायनर डॉना कॅरन यांनी अमेरिकेत सात कपड्यांचा संच काढून ती लोकप्रिय केली. दोघींचेही ग्राहक सुखवस्तू होते, हे मान्य. पण त्यामागचा गुणाकार श्रीमंतांपुरता नाही. उलट ज्याच्याकडे कपडे कमी, त्याला प्रत्येक जोडी अधिक मोलाची.

या हिशेबातूनच मी साध्या रंगांचा आग्रह धरला होता, तो तुम्हाला ‘नीरस’ वाटला. भडक छापाचा कपडा लोकांच्या लक्षात राहतो, त्यामुळे तो पुन्हा घातला की ‘हाच परवा घातला होता’ हे लगेच कळते. गडद निळी किंवा करडी पँट आठवड्यातून तीनदा घातली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. काळ्या रंगाबद्दल मात्र मी सावध आहे, कारण तो फिका पडला की लपत नाही आणि वेगवेगळ्या रंगाईतले दोन काळे शेजारी आले की एक तपकिरी, एक निळसर दिसू लागतो. रंगाची हौस लहान वस्तूंवर भागवावी.

तिसऱ्या आक्षेपाविषयी. तयार कपडे सर्वांच्या अंगाला बसत नाहीत, हे खरेच आहे. कारखान्यात एक मूळ माप ठरवून बाकीची मापे त्याच्यावरून ठरावीक अंतराने वाढवली किंवा घटवली जातात, आणि माणसे अशी ठरावीक अंतराने वाढत नाहीत. शिवाय एकाच आकड्याचे माप दोन उत्पादकांकडे दोन तऱ्हांचे असते. म्हणूनच आल्टरेशनची गरज प्रमाणबद्ध माणसाला कमी आणि इतरांना जास्त आहे. शिंप्यांचा साधा नियम असा की कपडा खांद्यांना आणि शरीराच्या सर्वांत रुंद भागाला बसेल असा घ्यावा आणि बाकीचा आत घ्यावा. लांबी, बाह्या, बाजूची शिवण आणि कंबर ही कामे सोपी आणि स्वस्त असतात. खांदा आणि मुंढा (बाही जोडतात तो भाग) बदलायचा म्हणजे बाही काढून पुन्हा जोडायची, आणि त्या मजुरीत बहुधा कपड्याची किंमतच निघून जाते. म्हणून वापरलेला कपडा घेताना खांदा चुकत असेल तर बाकी कितीही आवडला तरी तो तिथेच ठेवावा. सैल करणे शिवणीतल्या मायेवर अवलंबून असते, आणि जुनी दुमड उसवून लांबी वाढवली तर दुमडीची घासलेली रेघ दिसत राहते, हे आधीच पाहून घ्यावे. वापरलेल्या कपड्यात कॉलर, काख, मांड्यांमधला भाग आणि अस्तर एवढे तपासले तर पुरते.

वेळेचा मुद्दा मी खोडून काढणार नाही. दोन नोकऱ्या करणाऱ्याने रात्री बसून रफू करावे असे सांगणे मलाही जड जाते. तरीही बटण लावणे आणि उसवलेली दुमड घालणे यांना नवीन वस्तू शोधण्याइतका वेळ खचितच लागत नाही. फिके पडलेले कपडे घरी रंगवण्याचा सल्ला अनेक जण देतात; तो सुती आणि व्हिस्कोजपुरताच घ्यावा. पॉलिस्टर साध्या घरगुती रंगांत रंगत नाही, आणि सुती कपड्याची शिवण अनेकदा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असल्यामुळे कापड निळे झाले तरी टाके जुन्याच रंगाचे उठून दिसतात. धुण्याबाबत एवढेच, की गडद कपडे उलटे करून थंड पाण्यात धुवावेत, सावलीत वाळवावेत, आणि ज्यात इलॅस्टेन (कापडाला ताणण्याजोगे करणारा लवचीक धागा) आहे त्यांना फार उष्णता व ब्लीच लावू नये. गुडघ्यांवर पिशव्या येऊन ढिली पडलेली पँट कोणताही शिंपी पूर्ववत करू शकत नाही.

जाता जाता तुम्ही विचारले आहे की या महिन्यात एका कपड्यापुरतेच पैसे असते तर मी स्वतः काय केले असते. नवा कपडा घेतला नसता. आधी जे बूट किंवा चपला रोज पायात असतात त्यांची झिजलेली टाच बदलून घेतली असती, कारण ती राहिली तर पुढच्या काही महिन्यांत पूर्ण जोड घ्यावा लागतो. मग सर्वांत जास्त वापरातल्या दोन पँटींची लांबी नेमकी करून घेतली असती, आणि पाठीमागे फुगणाऱ्या शर्टाच्या बाजू आत घ्यायला सांगितल्या असत्या. काही उरले असते तर ते बाजूला ठेवून, कपाटातल्या जास्तीत जास्त कपड्यांवर चालेल अशा एका गडद पँटसाठी पुढच्या महिन्याच्या पैशांत मिळवले असते.