खुलासा : आतषबाजीसाठी महागडी लेन्स लागत नाही

दिवाळी जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला फिरतो : ‘आतषबाजी टिपायची तर एफ/२.८ लेन्सच (जास्त उजेड आत घेणारी, महागडी) हवी, १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) अंधारात निकामी.’ हे चूक आहे. फटाका स्वतःच लखलखीत असतो, एफ/२.८ला त्याचा लाल-हिरवा रंग सहज करपून पांढराफटक होतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/८ ते ११ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) ठेवा, आणि तिथे किट लेन्सही छान चालते. फोटोत फटाक्याची जी रेघ उमटते, तिचा उजेड या दोन गोष्टी ठरवतात. शटर फक्त तिची लांबी. बल्ब मोडवर (बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं) बाण सुटताना शटर उघडा, फुलं विझली की मिटा. साधारण दोन ते चार सेकंद. एवढा वेळ हातातला कॅमेरा हलतो, म्हणून पैसे घालायचेच तर ट्रायपॉडवर (कॅमेऱ्याच्या तिपाईवर) घाला. फोकस लांबच्या दिव्यावर धरून मॅन्युअलला टाका (म्हणजे ऑटोफोकस बंद), नाहीतर लेन्स घुर्रघुर्र करत बसते आणि तोवर आकाश रिकामं!