एल्कची साद आणि माझी टाळू

अकोल्यासारख्या कापसाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कोणी “सुती कपडे घालून डोंगरात जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे” असे सुनावले, तर त्याच्या मनाला ते किती लागते, हे सांगायला अकोलेकरच व्हावे लागते. मला हे सुनावणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळच्या आमच्या वसाहतीतले, दोन घरे पलीकडचे शेजारी. गेली तीस-पस्तीस वर्षे ते दर सप्टेंबरात धनुष्यबाण घेऊन एल्कच्या, म्हणजे इथल्या एका धिप्पाड हरणाच्या, मागे जातात. कुंपणाशी उभे राहून बोलता बोलता “या वर्षी तूही चल” असे ते म्हणाले आणि मी, केवळ सभ्यता म्हणून, होकार दिला. यापुढे मी त्यांना गुरुजी म्हणेन, कारण त्यांनी मला शिकवले पुष्कळ आणि छडी तेवढी मारली नाही.

माझा शिकारीशी तोवरचा संबंध उंदराच्या पिंजऱ्यापुरता होता. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच संपला आहे. कोलोरॅडोत मात्र अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत आणि हंगाम, परवाना, शस्त्र या सगळ्यांचे नियम सरकारच ठरवून देते. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यामुळे मिसरूड न फुटलेल्या मुलांच्या रांगेत बसून मी परीक्षा दिली. माझ्या शेजारचा मुलगा माझ्या आधी पेपर देऊन निघून गेला, एवढे सांगून तो विषय सोडतो.

खरी कसोटी खरेदीची होती. सुती कापड भिजले की ऊब धरत नाही आणि डोंगरात सप्टेंबरातही बर्फ पडू शकते, म्हणून आतून-बाहेरून मेरिनो लोकर घ्यायची. बूट महिनाभर आधी घ्यायचे आणि ते घालून रोज चालायचे, नाही तर पहिल्याच चढाला टाचांना फोड येतात. मी ते घालून भाजी आणायला जात असे. दुर्बीण, अंतर मोजण्याचे यंत्र, कपाळावरचा दिवा, मांस वाहायची चौकटीची पाठपिशवी, मांस घालायच्या जाळीदार कापडी पिशव्या आणि अर्थातच कप्प्यांचे, दोऱ्यांचे, चाकांचे ते आधुनिक धनुष्य. कायद्याने ते किमान पस्तीस पौंडांच्या ताणाचे हवे. माझ्या उजव्या खांद्याचे त्याबद्दल वेगळे मत होते.

मोठा नर तीनशे किलोच्या पुढे भरतो हे कळल्यावर मी एक पेटीसारखा लांबलचक फ्रीझरही घेतला. तो गॅरेजमध्ये आला त्या दिवशी सौभाग्यवतींनी “बाजारात तुरी” एवढेच म्हटले आणि पुढचे मनात ठेवले. आज त्या फ्रीझरमध्ये मटार, खवलेला नारळ आणि मागच्या गणपतीतले एकवीस मोदक गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

पण हे सगळे पैशाने मिळते. आवाज मिळत नाही. सप्टेंबर हा एल्कचा माजाचा काळ असल्यामुळे नर ओरडून प्रतिस्पर्ध्याला आव्हान देतो आणि माद्यांना गोळा करतो. या ओरडण्याला इंग्रजीत बिगुल म्हणतात आणि तो ऐकल्याशिवाय त्याची कल्पना येत नाही. खोल, घोगऱ्या आवाजात सुरू होतो, चढत चढत बासरीसारख्या टिपेला जातो आणि शेवटी म्हाताऱ्याने खाकरावे तसे चार-पाच हुंकार देऊन संपतो. एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून इतका नाजूक सूर का निघावा, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. मादीचा आवाज साधा, मांजरीच्या जवळचा. वरून खाली घसरणारा ‘ई-ऊ’. गुरुजींच्या मते त्याचा अर्थ “मी इथे आहे, तुम्ही सगळे कुठे आहात?” एवढाच असतो.

हे दोन्ही आवाज काढायला तोंडात एक डायफ्राम ठेवायचा असतो. तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा, पानाच्या विड्यापेक्षा लहान आणि मध्ये रबराचा पातळ पापुद्रा ताणलेला असा असतो. तो जिभेने टाळूला चिकटवायचा आणि जीभ व पापुद्रा यांच्यामधून पोटातली हवा सोडायची. जिभेचा दाब वाढवला की सूर चढतो, असे म्हणतात. मी दाब वाढवला की उमासा येत असे. पहिला आठवडा डोळ्यांत पाणी आणि हनुवटीवर लाळ यांतच गेला. दुसऱ्या आठवड्यात आवाज निघाला, पण तो पूजेत शंख फुंकायला पुढे झालेल्या हौशी पाहुण्याचा निघतो तसा. म्हणजे नुसती हवा. घरात सरावाला बंदी झाल्यावर मी गाडीत, ऑफिसला जाता-येता सराव करू लागलो. एकदा लाल दिव्याशी थांबलो असताना अचानक अस्सल, निर्दोष ‘ई-ऊ’ निघाला. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी हळूच आपली काच वर केली.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, चारेक तास गाडी हाकून, आम्ही फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात पोहोचलो. व्हाइट रिव्हरचा कळप, म्हणजे कोलोरॅडोतला एल्कचा सर्वांत मोठा कळप, याच भागातला. अ‍ॅस्पेनची झाडे हळदीत न्हालेली होती. दहा हजार फुटांवर पहिल्या रात्री डोके ठणकले, ते मी गुरुजींना सांगितले नाही.

पहाटे दूरवरून पहिला बिगुल आला तेव्हा अंगावर काटा आला, आणि मी त्या भरात गुरुजींच्या खुणेची वाट न पाहता आवाज घुमवायच्या नळीला तोंड लावून तितक्याच त्वेषाने उत्तर दिले. आयुष्यात इतका चांगला सूर मला पुन्हा लागणार नाही. परिणाम असा झाला की पलीकडचा नर आपल्या साऱ्या माद्या गोळा करून धार ओलांडून निघून गेला. गुरुजी शांतपणे म्हणाले, “तू फार मोठा वाटलास. ज्याच्याकडे बायका आहेत तो लढाईला येत नाही, घर सांभाळतो.” सुरुवात नेहमी मादीच्या मऊ आवाजाने करावी आणि बिगुल शेवटी वाजवावा, हे त्यांनी मला आधी तीनदा सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी सर्व रीतसर झाले. साद घालणारा मागे आणि नेमबाज साठ-सत्तर पावले पुढे, अशी ही मांडणी असते. कारण नर आवाजाच्या दिशेने येतो खरा, पण जिथून मादी दिसायला हवी तिथे येऊन ती दिसली नाही की थबकतो. त्याने थबकावे ते नेमबाजाच्या टप्प्यात, एवढीच युक्ती. गुरुजी मागे बसून मादीचे आवाज काढत होते आणि मधूनच वाळकी फांदी खोडावर घासून दुसरा नर शिंगे घासत असल्याचा भास निर्माण करत होते. मी स्प्रूसच्या झाडाशी गुडघ्यावर बसलो होतो. समोरच्या झाडीत काटकी मोडली. मग उग्र, गोठ्यासारखा वास आला. मग शिंगांची टोके दिसली, फांद्यांमधून तरंगत येणारी, आणि त्याच्या नाकातून निघणारी वाफही दिसली. अंतर पन्नास यार्ड होते, मला तीस हवे होते. माझे गुडघे माझ्या परवानगीशिवाय थरथरत होते.

डोंगरात पहाटे गार हवा उताराने खाली वाहते आणि ऊन तापले की उलटून वर चढू लागते. नऊच्या सुमारास मला मानेवर गार झुळूक जाणवली. वारा कुठे वाहतो ते पाहायला गंधहीन पावडरची बाटली दाबली, तर पांढरा ढग डौलात, सरळ त्याच्याचकडे निघाला. त्याने मान उंच केली, कुत्र्यासारखा एकदा भुंकला आणि तीनशे किलो वजन एकही फांदी न मोडता नाहीसे झाले.

महिनाभर सुगंधरहित साबणाने धुतलेले माझे कपडे घरातल्या फोडणीपासून वाचवण्यासाठी मी बाहेरच्या ओट्यावर वाळवले होते. “हिंग असेल,” मी खंतावून म्हणालो. “हिंग काय आहे ते मला ठाऊक नाही,” गुरुजी म्हणाले, “माणूस पुरतो.”

पुढच्या रविवारी सहकुटुंब एस्टेस पार्कला गेलो. १९१३-१४ साली यलोस्टोनहून एल्क आणून या परिसरात सोडले होते. आता ते गावाच्या हिरवळीवर सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे बसलेले असतात. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे आणि एल्कसारखे आवाज काढायलाही. रस्त्यापासून वीस यार्डांवर सहा टोकांच्या शिंगांचा नर उभा होता, वारा त्याच्याकडून माझ्याकडे वाहत होता आणि तो निवांत चरत होता. लेक फोटो काढत होती.

“अहो,” सौभाग्यवती हलक्या आवाजात म्हणाल्या, “तोंडात काय आहे ते आधी बाहेर काढा.”