कॅम्पबेलटाउन: ‘नुसतं लेबल’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलटाउन या व्हिस्कीच्या गावावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा डोकं तापलं, दुसऱ्यांदा जरा कमी. तुमचं म्हणणं असं की मी भावुक होऊन लिहिलंय, ते गाव स्वतःच्या भिकार दारूने बुडालं, आणि पुनरुज्जीवन बिनरुज्जीवन काही नाही, एका कंपनीने व्हिस्कीचा वेगळा प्रदेश म्हणून लेबलावरचं गावाचं नाव वाचवायला तिसरी डिस्टिलरी (दारू गाळायचा कारखाना) उघडली, एवढंच. शिवाय किमती अवाच्या सवा, आणि मराठीत दारूचं कौतुक कशाला. हे शेवटचं सोडून देतो, त्यावर घरीही रोज ऐकतो.

आधी माझी चूक. हेरिंग माशांच्या जुन्या पिंपांत व्हिस्की भरायचे म्हणून तिला वास मारायचा, हे मी लेखात खरं म्हणून ठोकून दिलं आणि तुम्ही तेच माझ्यावर उलटवलंत. ती ऐकीव गोष्ट आहे, बहुतेक बदनामीच. बंदरात मासेमारी जोरात होती म्हणून चिकटली असावी. तो परिच्छेद काढतोय.

पण माल घसरला होता हे मान्य. मागणी होती तेव्हा घाईत गाळलं, भरमसाट गाळलं, आणि नाव गेलं. फक्त तेवढ्यानेच गाव बुडालं हे मात्र मला पटत नाही. १८८५ च्या सुमारास आल्फ्रेड बार्नार्ड हा लेखक स्कॉटलंडभर डिस्टिलऱ्या बघत फिरत होता, त्याला या एवढ्याशा गावात २१ चालू सापडल्या. का, तर जवळच कोळशाची खाण, पीट (दलदलीतली, वाळवून जाळायची माती), आसपास जव, आणि माल बोटीत टाकला की थेट ग्लासगो. ग्लासगोहून रस्त्याने जाऊन बघा एकदा, मी बसने गेलो होतो, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर असलेलं गाव आणि बस खाड्यांना वळसे घालत सव्वादोनशे किलोमीटर जाते, चार तास मोडतात. तिकडे स्पेसाइडला, म्हणजे स्कॉटलंडच्याच दुसऱ्या व्हिस्की-प्रदेशात, रेल्वे पोचली, ब्लेंड करणाऱ्यांना (वेगवेगळ्या व्हिस्क्या मिसळून विकणाऱ्यांना) हलकी व्हिस्की हवी झाली आणि इथली पडली जड, तेलकट. १९२० ला अमेरिकेत दारूबंदी, १९२३ ला खाण बंद. १९३४ नंतर उरल्या दोनच, स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया.

आणि एक सांगा, सगळंच भिकार होतं तर १९२० साली मासाताका ताकेत्सुरू जपानहून येऊन इथल्या हेझलबर्न डिस्टिलरीत काय शिकत होता? त्यानेच पुढे १९३४ ला निक्का ही जपानी व्हिस्की कंपनी उभी केली. हेझलबर्न मात्र १९२५ ला बंद पडली.

आता तुमचा मुख्य मुद्दा, ती तिसरी डिस्टिलरी, ग्लेनगाइल. होय, अर्धं खरं आहे. दक्षिण स्कॉटलंडच्या लोलँडमध्ये तीनच डिस्टिलऱ्या चालू होत्या तरी तो व्हिस्कीचा वेगळा प्रदेश धरायचे, कॅम्पबेलटाउनमध्ये दोन म्हणून धरेनात, मग स्प्रिंगबँकवाल्या हेडली राइटने तिसरी सुरू करायचं ठरवलं असं सांगतात. पण कसं केलं ते बघा की. ग्लेनगाइल १८७२ ला बांधली विल्यम मिचेलने, भावाशी फाटल्यावर (भांडण मेंढ्यांवरून झालं म्हणतात, आपल्याकडे बांधावरून होतं). १९२५ ला बंद, मग त्या इमारतीत नेमबाजीचा क्लब काय, शेतमालाचं गोदाम काय. त्याच मिचेल घराण्यातल्या राइटने ती २००० मध्ये घेतली, बेन वायव्हिस या बंद पडलेल्या डिस्टिलरीची जुनी तांब्याची भांडी आणून बसवली, २००४ ला गाळप सुरू. आणि गंमत म्हणजे ग्लेनगाइल हे नाव दुसऱ्याच कंपनीच्या ताब्यात, म्हणून बाटलीवर ‘किलकेरन’ लिहावं लागलं! बारा वर्षांची बाटली आली २०१६ ला, त्याआधी ‘वर्क इन प्रोग्रेस’ म्हणून कोवळीच विकत होते. लेबलासाठी धडपडले म्हणता, त्यांना स्वतःच्या डिस्टिलरीचं नावसुद्धा लेबलावर लावता आलं नाही.

हवं तर तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांत कॅम्पबेलटाउनचं नाव आहे खरं, पण ‘रीजन’ (प्रदेश) म्हणून नाही, आयला बेटासारखं ‘लोकॅलिटी’ (ठिकाण) म्हणून. मी लेखात सरसकट रीजन लिहिलं होतं.

राहिली स्प्रिंगबँक. १८२८ ची, आर्चिबाल्ड मिचेलच्या हातभट्टीच्या जागेवर उभी. आजही लागणारा सगळा जव मोड आणायला तिथेच फरशीवर पसरतात, माणसं फावड्याने उलटत राहतात, बाटल्याही तिथेच भरतात. बहुतेक डिस्टिलऱ्या माल्ट (मोड आणून वाळवलेला जव) कारखान्यातून आयता मागवतात, ते स्वस्त पडतं. हे नुसतं मार्केटिंग असेल तर फार महागडं आणि पाठ मोडणारं मार्केटिंग आहे.

किमतीबद्दल मात्र तुमच्याशी भांडत नाही. लोक बाटली घेतात आणि न उघडता लिलावात टाकतात, ते मलाही खटकतं. माझी स्वतःची एक बाटली अजून पाऊण भरलेली आहे, पुण्यात असाल तर या, हेरिंगचा वास येतो का तुम्हीच बघा.