पर्यावरण-आरोग्यात संशोधन करायचंय? मग नीडलमन वाचा

या विषयात पीएचडी करायची म्हणणाऱ्या मुलांना मी डॉ. हर्बर्ट नीडलमन यांच्याबद्दल वाचायला सांगतो. प्रेरणा मिळावी म्हणून नव्हे, सावध व्हावं म्हणून.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातले हे बालरोगतज्ज्ञ. तरुणपणी त्यांनी शिशाची विषबाधा झालेली एक मुलगी बरी केली आणि आईला बजावलं, त्या घरात आता परत जाऊ नका. आईने विचारलं, मग जाऊ कुठे? परवडणारं दुसरं घरही असंच असणार. जुन्या भिंतींच्या रंगातच शिसं, आणि त्याचे पोपडे मुलांच्या पोटात. दवाखान्यात बसून हे सुटणार नव्हतं.

पण मुलांच्या अंगात किती शिसं गेलं ते मोजायचं कसं? रक्त फार तर अलीकडचा हिशेब सांगतं. शिसं साठून राहतं ते हाडांत आणि दातांत. मग नीडलमननी दुधाचे दातच मागितले! आपण कौलांवर फेकतो ते. बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि समरव्हिलमधल्या पहिली-दुसरीच्या पोरांनी पडलेले दात शाळेत आणून दिले. १९७९ साली निष्कर्ष छापून आले: दातांत शिसं जास्त असलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी चारेक गुणांनी कमी, वर्गात लक्षही कमी. आणि यातलं एकही मूल शिशाच्या विषबाधेसाठी डॉक्टरकडे गेलेलं नव्हतं. मला तरी याहून देखणी युक्ती माहीत नाही.

१९९१ मध्ये त्यांच्यावर संशोधनात लबाडी केल्याची तक्रार झाली. तक्रार करणाऱ्या दोघी मानसशास्त्रज्ञ एका खटल्यात शिसं-उद्योगाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून नेमलेल्या होत्या. पिट्सबर्गच्या त्यांच्याच विद्यापीठाने चौकशी लावली. नीडलमननी हट्टाने ती सगळ्यांसमोर, जाहीरपणे घ्यायला लावली आणि त्यातून निर्दोष सुटले. हे जमलं, कारण ते तोवर प्राध्यापक होते, पासष्टीच्या आसपास होते, नाव होतं.

आपल्याकडे शिशाचं पेट्रोल २००० साली गेलं. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ चा. असले नियम ज्या मोजमापांवर उभे राहतात, ती करणारी पोरं मात्र प्रोजेक्टच्या करारावर. फंड संपला की घरी. (वर फेलोशिप कधी जमा होईल ते वेगळंच.) अशा मुलाने कुणाला झोंबणारा आकडा छापायचा तो कुणाच्या भरवशावर?

म्हणून गाइड निवडताना पेपर किती, उपकरणं कोणती, हे विचारा जरूर. पण उद्या नोटीस आली तर संस्था वकील देणार का, हे त्याआधी विचारा. उत्तर द्यायला गाइड अडखळले, तर दुसरी प्रयोगशाळा बघा.