इंजिनामागून येणारी मेट्रो बंद पडलेली नसते

नवी कोरी मेट्रो रेल्वेच्या इंजिनामागून चालली आहे, असा व्हिडिओ दिसला की त्याखाली ठरलेला मजकूर असतो: ‘कोट्यवधींची मेट्रो धावायच्या आधीच बंद पडली, शेवटी इंजिन लावून ओढली. आपल्याकडे तर रूळ असताना ट्रेलरवरून आणतात, कंत्राटदारांची चंगळ!’ आमच्या घरच्या ग्रुपवरही तो आला, आणि शिकलेल्या माणसांनी पुढे पाठवला. म्हणून हे लिहितोय.

‘बंद पडली’ म्हणे. कोलकाता मेट्रोच्या सर्वांत जुन्या मार्गाच्या गाड्या मुख्यतः चेन्नईत, पेरांबूरच्या आयसीएफ या रेल्वेच्या डबे बनवणाऱ्या कारखान्यात बनतात. ही मेट्रो वीज घेते रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून, ७५० व्होल्ट डीसी. चेन्नई-कोलकाता लोहमार्गावर वीज आहे ती डोक्यावरच्या तारेत, २५,००० व्होल्ट एसी. तिथे तिसरा रूळ नाही आणि या गाडीच्या टपावर तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ नाही. तिने धावायचं कशावर?

बरं, वीज जुळत असली तरी इंजिन लागतंच. मुंबईच्या लोकलचं बघा. तीही २५,००० व्होल्टवरच चालते, तरी आयसीएफमधून येते इंजिनामागूनच. दौंडला फलाटावर उभा असताना मी असा एक रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी, जवळून पाहिला आहे. पँटोग्राफ खाली घेतलेले, दारं बंद, आत आसनांवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. गाडी धडधाकट होती, फक्त तिच्या चाचण्या व्हायच्या होत्या. पहिली वातानुकूलित लोकल एप्रिल २०१६ मध्ये कुर्ला कारशेडला पोचली आणि प्रवाशांना घेऊन धावली ती २५ डिसेंबर २०१७ ला, पश्चिम रेल्वेवर. कारखान्यातून निघालेली गाडी आणि प्रवासी नेणारी गाडी यांच्यामध्ये एवढं काम असतं.

हे काही आपल्याकडचंच नाही. लंडनच्या मेट्रोच्या, म्हणजे लंडन अंडरग्राउंडच्या ‘एस स्टॉक’ नावाच्या गाड्या डर्बीच्या कारखान्यातून निघाल्या त्या क्लास २० डिझेल इंजिनांमागून, म्हणजे १९५७ ते १९६८ दरम्यान बांधलेल्या इंजिनांमागून. मेट्रोचा कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा सांधा, रेल्वे इंजिनाच्या कपलरला जुळत नाही, म्हणून मध्ये खास वॅगन जोडतात: एका टोकाला इंजिनाचा कपलर, दुसऱ्या टोकाला मेट्रोचा. व्हिडिओत इंजिनाला लागून असा एखादा ‘भलताच डबा’ दिसला, तर तो हाच.

आणि खरोखर बंद पडलेली मेट्रो? तिला सहसा मागून दुसरी मेट्रोच ढकलत डेपोत नेते. त्यासाठी कोणी तिला रेल्वेच्या रुळांवर आणत नाही.

आता ट्रेलर. हा आरोप मला जास्त खुपतो, कारण पट्टीने मोजून निकाल लागेल अशी ही गोष्ट आहे. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. मुंबई आणि पुण्याची मेट्रो १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर धावते, रेल्वेचा ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. तब्बल २४१ मिलिमीटरचा फरक! ही चाकं त्या रुळांवर बसणारच नाहीत. म्हणून मुंबईच्या मेट्रो-३ च्या गाड्या आंध्रातल्या श्रीसिटीहून एकेक डबा ट्रेलरवर चढवून आणाव्या लागल्या. स्टँडर्ड गेज निवडला ते योग्य की अयोग्य, यावर जरूर भांडा. दिल्लीत तो वाद झालाही, आणि तिथले पहिले मार्ग ब्रॉडगेज झाले.

खुद्द कोलकात्यात दोन्ही प्रकार आहेत. जुना मार्ग ब्रॉडगेज, त्याची गाडी इंजिनामागून नोआपाडा कारशेडला येते. ग्रीन लाइन स्टँडर्ड गेज, तिचे डबे बेंगळुरूच्या बीईएमएल कंपनीतून आले ते ट्रेलरवरून.