चौरस फुटाला तीन कोटी

मे महिना आहे, बाहेर अंगाची लाही होतेय आणि पुण्याहून आलेल्या मेहुण्याला मुंबई दाखवायचीय? मग फोर्टातल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जा. एसी उत्तम आहे. फक्त टॅक्सीवाल्याला नुसतं 'जहांगीर' म्हणू नका, तो तुम्हाला जहांगीर आर्ट गॅलरीपाशी सोडेल. चूक त्याची नाही. दोन्ही वास्तूंवर नाव एकाच घराण्याचं. गॅलरी १९५२ची, आणि आपण चाललोय तो कावसजी जहांगीर हॉल १९११चा. सोमवारी मात्र जाऊ नका. बंद असतं.

आत शिरल्या शिरल्या चित्रांकडे वळण्याचा उतावीळपणा करू नये. आधी मान वर करून इमारत बघावी. चित्रातलं ओ की ठो कळत नसेल, तर जुनी वास्तू हा फार मोठा आधार असतो. "जॉर्ज विटेट. गेटवेवाला," एवढंच पुटपुटा. पुढे सांगा, की इथे एकेकाळी जाहीर सभा नि मैफली व्हायच्या, मग पडत्या काळात मुष्टियुद्धं आणि लग्नाची रिसेप्शनंसुद्धा झाली, आणि १९९६ साली चित्रं आली. यात पहिला मजला निघून जातो. जिना चढताना गुडघे बोलू लागले तर थांबा, कठड्यावर हात ठेवा आणि भिंतीच्या गोलाईकडे बघत 'अवकाश' म्हणा. दम लागलाय हे कुणाला कळणार नाही.

चित्रासमोर आल्यावर पहिली नजर शेजारच्या पाटीवर जाऊ द्या. गायतोंडे, गाडे, बाकरे असं काही दिसलं की "आपले हो!" म्हणून मोकळं व्हायचं. सूझा दिसला तर "गोव्याचा. म्हणजे आपलाच." रझा असेल तर मधला ठिपका शोधा, सापडला की समाधानाने पुढे सरका.

तरीही काही चित्रं अंगावर येतातच. तिथे मुंबईकराच्या हाती एक हुकमी शस्त्र आहे: चौरस फुटाचा भाव. हुसेनांचं 'ग्राम यात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेलं. लांबी जवळजवळ चौदा फूट, उंची तीनच्या आसपास. म्हणजे धरा चाळीस चौरस फूट. भाव पडला तीन कोटी! मलबार हिलवालेसुद्धा लाजतील. आणि हा कार्पेट एरिया झाला बरं का, फ्रेम धरली तर बिल्टअप. हे गणित मोठ्याने करा, चार अनोळखी माणसं आपसूक जवळ येतील. तेच चित्र कित्येक दशकं ऑस्लोतल्या एका इस्पितळात भिंतीवर होतं. तिथल्या लोकांना भाव ठाऊक नव्हता, त्यामुळे ते बिचारे नुसतं चित्रच बघत असणार.

मुलांना नेऊ नका. ती जमिनीवर बसकण मारतात, एकाच घोड्याकडे दहा मिनिटं बघतात आणि आपल्यालाही बघायला लावतात. त्या वेळात आपले घुमटाखाली चार फोटो झाले असते.

"हे तर आमच्या बंड्यानेही काढलं असतं," हे वाक्य जपून वापरा. मेहुणा चटकन विचारतो, मग काढलं का नाही? बंड्या तेव्हा कोट्याला असतो, जेईईच्या क्लासात.

बाहेर पडलात की काळा घोडा दोन पावलांवर. मूळ घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता. १९६५ साली घोड्यासकट त्याची रवानगी राणीच्या बागेत झाली, आणि २०१७ साली जो नवा घोडा आला तो बिनस्वाराचा. मेहुणा विचारणारच, वरचा माणूस कुठे गेला? घाबरू नका. तोंडात 'अवकाश' आहेच. संथपणे म्हणा, सावकाश समजावा, आणि बस दिसली तर वाक्य अर्ध्यावर टाकून पळा.